बिनहाराचा फोटो

१२ डिसेंबर २०२५, शुक्रवार. अल थुमामा, दोहा. सकाळी गारवा. खालच्या मजल्यावरच्या नुपूरचा अकरावा वाढदिवस. तिच्या आजीने, मुक्ताबाईंनी, माझं चांदीचं निरांजन मागून नेलं. सहाला मराठी मंडळाचा विजय दिवसाचा कार्यक्रम (दिवस सोळाला, पण सुट्टी आज), केकही तिथेच. दुपारी चारला कळलं, माझ्या हातून मोठी चूक झाली आहे.

एवढं लिहून मी रोजनिशीची वही मिटली. पुढचं लिहायला हात होईना.

मुक्ताबाई शेलार सातारा जिल्ह्यातल्या. वय त्र्याहत्तर. त्यांचे यजमान, फौजेतले नाईक धोंडिराम शेलार, एकाहत्तरच्या युद्धात, डिसेंबरात, गस्तीवर गेले आणि परत आले नाहीत. तार आली, तिच्यात ‘बेपत्ता’ हा शब्द होता. त्या वेळी मुक्ताबाई एकोणीस वर्षांच्या, पोटात प्रताप, नुपूरचा बाबा. आज तो त्रेपन्न वर्षांचा आहे आणि इथे गॅसच्या प्रकल्पात इंजिनिअर आहे. मुक्ताबाईंच्या कपाळावरचं कुंकू आणि गळ्यातली काळी पोत अजून तशीच आहे. दहा वर्षांपूर्वी मुलाकडे राहायला आल्या, तेव्हा बॅगेत कपड्यांच्या घडीत यजमानांचा फोटो होता. तो त्यांनी भिंतीवर सासू-सासऱ्यांच्या ओळीत लावला नाही. दाराशी लावला.

"येनाऱ्या मानसानं दारातच दिसावं, न्हाई का?" मला म्हणाल्या होत्या.

त्या फोटोला हार नाही. उलट घरात कुणाचाही वाढदिवस असला की मुक्ताबाई आधी वाढदिवसाच्या माणसाला ओवाळतात, मग त्या फोटोला. ओवाळायचं ते जित्या माणसाला. नुपूरला कळतं तेव्हापासून हे इतकं सवयीचं, की केक कापायच्या आधी तीच विचारते, "आजी, आजोबा डन?"

गेल्या महिन्यात मंडळाचा पियूष इंग्रजी फॉर्म घेऊन आला. इथल्या मराठी माणसांत ज्यांच्या घरचं कुणी फौजेत होतं, त्या सहा कुटुंबांचा सत्कार करायचा होता. माझं अक्षर चांगलं आणि शिक्षण कॉन्व्हेंटचं, म्हणून सगळे फॉर्म माझ्याकडेच आले. सेवेत, निवृत्त, हुतात्मा अशा तीन चौकटी होत्या. बेपत्ताची चौकट नव्हती. सिस्टरांनी आम्हाला शिकवलं होतं, फॉर्ममधली एकही जागा रिकामी सोडायची नाही. मी तिसऱ्या चौकटीत खूण केली. वहीत मात्र त्या दिवशी लिहिलं आहे, ‘धोंडिराम शेलार, बेपत्ता.’ मी रोज वही लिहिते हे मुक्ताबाईंना ठाऊक आहे; येता-जाता विचारतात, आज काय लिवलं?

आज चारला पियूषने स्टेजचा फोटो पाठवला. दोन तसबिरींना चंदनाचे हार होते. एक धोंडिरामांची.

मी त्याला तीनदा फोन केला. त्याने उचलला नाही. खाली गेले. मुक्ताबाई आत नुपूरची वेणी घालत होत्या. प्रतापला जिन्यात बोलावून मी मोबाईल दाखवला.

त्याने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. "राहू दे, काकू."

"अरे, काय बोलतोस?"

"चौपन्न वर्षं झाली. मी एकदाही बापाला हात जोडले नाहीत. जोडले तर आई म्हणते, जित्या माणसाला अशुभ. आज एवढी माणसं उभी राहतील. मलाही एकदा उभं राहू दे की."

माझ्या नवऱ्याच्या फोटोला नऊ वर्षं हार आहे. तो मी स्वतः घातला.

गाडीत मुक्ताबाई माझ्या शेजारी, मांडीवर ताट. "काय वो बाई, आज तोंडाला कुलूप?"

"घसा धरलाय."

"वाफ घ्या. नायतर केकाच्या गान्यात कोंबडा आरवंल."

नुपूर हसली. आरशात प्रताप माझ्याकडे बघत होता.

हॉलच्या दारात रखवालदाराने ताट बघून हिंदीत सांगितलं, आत ज्योत पेटवता येणार नाही, अलार्म वाजेल. मुक्ताबाईंनी काडेपेटी त्याच्या हातात दिली. त्यांना पहिल्या रांगेत बसवून मी पडद्यामागे गेले.

"पियूष, तो हार काढ. ते गृहस्थ बेपत्ता आहेत."

"काकू, तुम्हीच लिहिलंय. पाहुणे आलेत, यादी छापली, स्लाइडही झाली. आता खलास."

"चूक माझी आहे. काढ."

"मी निवेदन करू की हार काढू? यल्ला, चला रे, पडदा!"

मी खुर्चीवर चढले. शहात्तराव्या वर्षी चढू नये. हार मागे खिळ्याला अडकला होता. तो सुटून हातात आला आणि पडदा उघडला.

समोर तीनशे माणसं. पियूषने माइक खाली केला. कुणीतरी म्हणालं, "अहो, हार काय काढताय?"

मी खाली उतरले, माइक घेतला. "नाईक धोंडिराम शेलार बेपत्ता आहेत. फॉर्म मी भरला होता. चुकीचा भरला. मुक्ताबाई, मला माफ करा."

मुक्ताबाई उठल्या. ताट घेऊन सावकाश पायऱ्या चढल्या. माझ्या हातातल्या हाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फार्मात चुकलं. वहीत काय लिवलंय?"

"बेपत्ता."

"मंग?" त्यांनी ताट सावरलं. "वही खरी मानायची का फार्म?"

"वही."

त्यांनी मान डोलावली. माफ केलं, असं म्हणाल्या नाहीत. "नुपूर, वर ये गं."

निरांजन न पेटवताच त्यांनी सुपारी आणि अंगठीने नातीला ओवाळलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. मग तसबिरीकडे वळल्या. तसबीर उंचावर होती. टाचा उंचावल्या तरी हात पोचेना, ताट कललं, अक्षता सांडल्या. पहिल्या रांगेत प्रताप मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, हा आता बाहेर निघून जाईल.

तो उठला, वर आला आणि ताटाला खालून आधार दिला. दोघांनी मिळून ओवाळलं. मग त्याने ताट आईकडे सोपवलं आणि तसबिरीला हात जोडले. मुक्ताबाईंनी पाहिलं. या वेळी त्यांनी त्याला अडवलं नाही.

"जित्या बापालाबी पोरगं हात जोडतंच की," एवढंच म्हणाल्या.

नुपूरने हळूच विचारलं, "आजोबा डन? कॅन वी कट द केक?"

घरी आल्यावर वही पुरी केली. शेवटची नोंद: निरांजन परत आलं. वात कोरी, तूप न वापरलेलं. तूप वाटीत काढून फ्रीजमध्ये ठेवलं.