पाच नंबरचा पाय

तिला सगळे पाचनंबर म्हणायचे. हजेरीपुस्तकात तिचं खरं नाव होतं, पण ते पुकारलं की तिला स्वतःलाच ओ द्यायला वेळ लागायचा. मी तिला अक्का म्हणायचो. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि मी कामावर आलो त्या पहिल्या दिवशी माझ्या हातातली कात्री काढून घेऊन, ती कशी धरायची हे तिनंच दाखवलं होतं. मी नमुने खात्यातला कापणारा. लोक मास्तर म्हणतात, मीही म्हणू देतो. सव्वीस वर्षं मी बूट कापले आणि तिनं ते पायात घालून पाहिले.

अक्का एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात आली ती चिकटवणी खात्यात. हातात ब्रश, समोर सोल्यूशनचा डबा, आणि खिडक्या बाराही महिने बंद, कारण ओल्या सोल्यूशनवर धूळ बसली की तळ सुटतो. बुटाला धूळ चालत नाही, बाईला वास चालतो, असा तिथला न्याय. बारा वर्षं तिनं तो वास खाल्ला. मग एकदा म्हाताऱ्या मालकांना नमुने घालून बघायला पाय हवा होता. त्यांनी सगळ्या बायकांना चपला काढून रांगेत उभं केलं आणि पट्टी घेऊन स्वतः खाली बसले. बहुतेक माणसांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोराड असतो. अक्काचे दोन्ही पाय तंतोतंत सारखे निघाले आणि बरोबर पाच नंबरचे. ज्या लाकडी ठोकळ्यावर चामडं ताणून बूट उभा करतात त्याला आम्ही फर्मा म्हणतो. मालक म्हणाले, हिचे पाय फर्म्यावरूनच काढलेत.

तेव्हापासून ती आमच्या खात्यात. नवा नमुना घालायचा, बोळात चाळीस पावलं चालायचं, जिना चढून उतरायचा आणि कुठं लागतं ते सांगायचं. मधल्या वेळात नमुन्यांचे तळ ती चिकटवायची, म्हणजे डबा काही सुटला नाही. पण खुर्ची मिळाली, आणि खुर्चीवर तिचा भारी जीव.

तिच्यासारखं सांगणारं माणूस मी पाहिलेलं नाही. दुसरी कोणी बूट चावतो म्हणून मोकळी होते. अक्काच्या लेखी चावणं वेगळं, घासणं वेगळं, दाबणं, रुतणं, काचणं वेगळं. "डाव्या करंगळीच्या बाहेरून, शिवण वळते तिथं, नखाएवढी जागा दे," असं म्हणायची आणि मी नखाएवढीच द्यायचो. पुढच्या नमुन्यात तक्रार नसायची. कुठल्या कुठल्या गावांत बायका आमचे बूट घालून दिवसदिवस उभ्या राहिल्या असतील. त्यांच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं की तिच्या वाट्याचं दुखणं आधी कुणीतरी सोसून ठेवलंय.

मग मालक थकले आणि कारभार त्यांच्या सुनेकडे आला. तोंडावर मॅडम, पाठीमागे सूनबाई. ती डिझाइनचं शिकून आली होती. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या टेबलाखालच्या कातरणांचं वजन केलं आणि आकडा माझ्याच भिंतीवर चिकटवला. मला ते फार झोंबलं. सव्वीस वर्षांत माझ्या टेबलाखाली कुणी वाकून बघितलं नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, बाई प्रामाणिक होती. तिचं म्हणणं साधं होतं. वर्षाला साठ नमुने काढायचे आणि त्यातले चाळीस उकिरड्यावर जायचे, हा कसला धंदा. सहाच काढू. त्यातला एक असा काढू की दहा वर्षं टिकेल, तळ झिजला तर बदलता येईल आणि कातरण जवळजवळ उरणार नाही. सोल्यूशन जाऊन पाण्याचा गोंद येणार होता, पण तो टप्प्याटप्प्यानं, आधी या एका बुटाला. सभेत ती सारखी शाश्वत, शाश्वत म्हणायची. आमच्याकडे शाश्वत एकच गोष्ट होती, त्या डब्याचा वास.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली नाही, आणि आमच्याही. साठ नमुन्यांत एखादा फसला तर खपून जायचा. आता सगळा कारखाना एका बुटावर उभा होता आणि तो बूट एका बाईच्या पायावर.

कातरण वाचवायचं म्हणून मी वरचा भाग तीनऐवजी दोन तुकड्यांत बसवला. तुकडे एकमेकांत असे चपखल बसले की मी माझ्यावरच खूश झालो. त्यापायी शिवण सरकली आणि अंगठ्याच्या सांध्यावर आली. पूर्वी असं झालं असतं तर अक्कानं दहा पावलांत बूट काढून माझ्यासमोर आपटला असता. या वेळी ती चाळीस पावलं चालली, जिना चढली, उतरली. लागतं का, विचारलं. नाही म्हणाली. सूनबाईनं तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं. तिन्ही दिवशी नाही. लांबीरुंदी मोजायचं नवं यंत्र होतं, त्यानंही सगळं बरोबर असल्याचं सांगितलं. यंत्राला कुठं अंगठा असतो.

आता जे मी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगतो. चामडं फर्म्यावर ताणताना बारीक खिळे ठोकून ते तात्पुरतं धरून ठेवतात. नंतर उपसतात. एखादा राहून जातो. याच बुटाच्या तिसऱ्या नमुन्याच्या वेळी असाच एक राहिला. अक्का चालून आली आणि खुर्चीवर बसली. "लागतं का?" मी विचारलं. "नाही." मी तिचा डावा बूट ओढला, तर मोजा अंगठ्याखाली लाल झालेला. बुटात खिळा पेराएवढा वर आला होता. त्याच्यावर ती चाळीस पावलं आणि एक जिना चालली होती.

मी पकडीनं खिळा उपसला आणि खिशात टाकला. फडताळातला दुसरा मोजा काढून दिला. तिनं तो घातला. मी मूग गिळून बसलो.

का, ते मला चांगलं माहीत आहे. नमुने खात्यातून कुणी निघालं की त्याला मूळ खात्यात पाठवायचे, असा नियम होता. अक्काचं मूळ खातं चिकटवणी. त्या खोलीत ती परत गेली असती, ते मला बघवलं नसतं. हे झालं चांगलं कारण. दुसरं कारण असं की आठवड्याभरात नमुना पक्का करायचा होता आणि माझ्या दोन तुकड्यांचं कौतुक व्हायचं होतं. दया किती आणि सोय किती, ते मला अजून वेगळं करता येत नाही. मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं, एवढं खरं.

बूट बाजारात गेला आणि दीड महिन्यात परत यायला लागला. आधी पिशवीतून, मग खोक्यांतून, मग गाडी भरून. प्रत्येक चिठ्ठीत एकच तक्रार, अंगठ्याला चावतो. गोदाम भरलं तेव्हा खोकी अंगणात ताडपत्रीखाली रचली. जो बूट कचरा होऊ नये म्हणून जन्माला घातला, त्याचाच ढीग दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागला. सूनबाई रोज सकाळी त्या ढिगासमोर उभी राहायची. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

शेवटी ती आमच्या खात्यात आली आणि दार लावून घेतलं. आवाज चढवला नाही. चूक कुठं झाली, एवढंच विचारलं. शिवण माझी, असं मी म्हणायला लागलो, तेवढ्यात अक्का उठून उभी राहिली.

"मला वर्षभर काहीच लागत नाही, मॅडम. तुम्ही विचारायचात लागतं का, मी नाही म्हणायचे. खरं तेच सांगितलं."

सूनबाईनं तिला खुर्चीवर बसवून पायातलं काढलं. मग खाली बसली, अक्काला डोळे मिटायला सांगितले आणि पेन्सिलीचं टोक तिच्या तळव्यावर टेकवलं. मग दाबलं. मग आणखी दाबलं. अक्का डोळे मिटून वाट बघत होती, कधी टोचणार म्हणून.

डाव्या अंगठ्याखाली वरून बुजलेली जखम होती. आतून ती हाडापर्यंत सडली होती. डॉक्टरांनी काम काय करता म्हणून विचारलं आणि डबा म्हटल्यावर मान हलवली. त्या वासानं नसा कधीच्या मेल्यात, आता परत येणार नाहीत, म्हणाले. जखम किती दिवसांची, ते अक्काला सांगता आलं नाही. मला आलं असतं. वेळेवर आणलं असतं तर औषधानं भागलं असतं, हे ते सूनबाईला सांगत होते आणि मी भिंतीला टेकून ऐकत होतो. पुढचं अर्धं पाऊल कापावं लागलं.

महिन्याभरात सगळ्या खात्यांतून सोल्यूशन गेलं. खिडक्या उघडल्या. ते सूनबाईनं केलं, आणि त्याचं श्रेय मी तिला देतो. अक्काला घरी बसवलं.

मी तिच्यासाठी नवे फर्मे घडवले. उजवा पाच नंबरचा, डाव्याला नंबर नव्हता. जोड तयार झाल्यावर तिच्या खोलीवर गेलो. खाट, स्टोव्ह, आणि भिंतीला टेकवलेल्या कुबड्या. जोड खाली ठेवला आणि आठ महिने दाबून ठेवलेलं बोलून टाकलं.

"अक्का, त्या दिवशी बुटात खिळा होता."

"माहीत आहे. मोजा लाल झालेला मला दिसत नव्हता होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू गप्प राहिलास," ती म्हणाली. "मला वाटलं, मास्तर आपल्याला वाचवतोय."

मला रडू आलं. तिनं मला रडू दिलं. मग पाय पुढे केला. मी आधी बुटात हात घातला, टोकापासून टाचेपर्यंत बोटांनी चाचपलं आणि मग तो तिच्या पायात चढवला. कुबड्या घेऊन ती खोलीतल्या खोलीत चाळीस पावलं चालली. लागतं का, हे मी विचारलं नाही. तिला खाटेवर बसवलं, बूट काढला, मोजा काढला आणि पाय उलटा करून बघितला.