चढावर गाडी थांबली तेव्हा

दसऱ्यानंतर आमच्या गाडीने माझ्या पायाचं ऐकणं सोडलं. नेहमी नाही, मधूनमधून. आणि म्हणूनच मी जास्त घाबरले. ॲक्सिलरेटर दाबावा, इंजिनने थोडं गुरगुरावं आणि गाडीने मात्र रांगत पुढे सरकावं. पहिल्यांदा शहरात, ओमतीच्या चौकात असं झालं. मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला आणि एक ऑटोवाला खिडकीशी येऊन, "आंटी, चलाना नहीं आता तो घर बैठो," असं म्हणून निघून गेला. ते मी गिळलं. पण पुढच्याच आठवड्यात भेडाघाट रस्त्यावरून घरी येताना बायपास ओलांडायचा होता. ट्रक लांब होता, अंतर भरपूर होतं. मी पाय दाबला, गाडी रस्त्याच्या मधोमध पोचली आणि तिथून पुढे वेगच घेईना. मी पाय पार खालपर्यंत रेटला, तरी नाही. ट्रकवाल्याने शेवटच्या क्षणी कशीबशी बाजूने गाडी काढली. पलीकडे जाऊन थांबले तेव्हा शेजारी आमचे हे छातीवर हात धरून बसले होते.

ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं आहे. तेव्हापासून गाडी चालवायला ह्यांना मनाई, म्हणून मुलाने बंगलोरहून ही बिनगिअरची नवी गाडी घेऊन दिली. "आई, यात काहीच करावं लागत नाही, फक्त दाबायचं," असं तो म्हणाला होता. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. उतारवयात गाडी शिकले, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमान होता. आमची कॉलनी शहराबाहेर, बायपासच्या पलीकडे. ह्यांची तपासणी, औषधं, भाजी, सगळं माझ्या चालवण्यावर.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली. त्यांनी कम्प्युटर लावला, फेरी मारून आले. तिथला मुख्य माणूस अगदी अदबीने म्हणाला, "मैडम, गाड़ी एकदम मक्खन चल रही है. आजकल पैडल में तार नहीं होता, सब सेंसर का काम है. थोड़ा रुककर उठाती है, आदत पड़ जाएगी." काही दिवस गाडी खरंच बरी चालली. मग पुन्हा तेच. पुन्हा नेली, पुन्हा त्यांच्या हातात ती नीट धावली. तशीच घेऊन आले.

त्यानंतर माझ्या मनात जी भीती शिरली ती मी कोणालाच सांगितली नाही. गाडी जर ठीक आहे, तर बिघाड माझ्या पायात आहे. माझ्या आईला उतारवयात कंपवात झाला होता आणि त्याची सुरुवात उजव्या पायापासूनच झाली होती. चालताना तिचा पाय मागे राहायचा. तिला वाटायचं आपण उचलला, आणि तो उचललेला नसायचा. मी स्वयंपाक करताना उजव्या पायाचा अंगठा जमिनीत रोवून बघू लागले. आंघोळ करताना पोटरी चिमटून बघू लागले. एकदा ह्यांनी पाहिलं. "काहून एवढी घाबरून राहिली तू? गाडीवाले म्हणून राहिले ना, की गाडी ठीक आहे," असं ते समजावून म्हणाले. त्यांना काय ठाऊक, की मला तेच तर ऐकायचं नव्हतं.

ह्यांची नर्मदामैयावर नितांत श्रद्धा. सोमवारी ग्वारीघाटावर जायचं, पायरीवर बसून पाण्याला हात लावायचा, हा त्यांचा नेम. मी सोबत जायची, हात जोडायची, पण मागायची काही नाही. उत्तर न काढता गुण मागितल्यासारखं मला ते वाटायचं. त्या दिवसांत मात्र घाटावर उभी राहिले की मनात एकच विचार यायचा, परत जाताना तो बायपास आहे.

पौषातली ती सकाळ. उन्हं नुकतीच अंगणात आली होती. हे चहाचा कप हातात घेऊन बाहेर बसले होते. कप फुटल्याचा आवाज आला म्हणून मी धावले, तर ह्यांचा चेहरा राखेसारखा झालेला, कपाळावर घाम, डावा हात पोटाशी आवळलेला. रुग्णवाहिकेला फोन केला, तर ती शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, वेळ लागेल म्हणाले. शेजारच्या घराला कुलूप. समोरचे वर्माजी ऑफिसला निघून गेलेले. अंगणात ती गाडी तेवढी उभी होती. ह्यांना कसंबसं पुढच्या सीटवर बसवलं. किल्ली लावली. त्या क्षणी मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने मागितलं. "मैया, माझ्या पायावर भरवसा नाही. तूच ने."

बायपास कसा ओलांडला ते आठवत नाही. रस्ता रिकामा मिळाला एवढंच. पण पुढे रेल्वेच्या पुलाचा चढ आहे. तिथे गाडी दमली. पाय खालपर्यंत दाबलेला, इंजिन कण्हत होतं, वेग उतरत उतरत चालण्याइतका झाला. मागे एक भरलेला डंपर हॉर्नवर हात ठेवून अंगावर येत होता. आरशात फक्त त्याची जाळी दिसत होती. मी गाडी डावीकडे कठड्याला लावली आणि तो आमच्या गाडीला हादरा देत निघून गेला. तेवढ्यात ह्यांना मोठी उलटी झाली आणि मान एका बाजूला कलली. "अहो! अहो, डोळे उघडा ना!" मी ओरडत होते. त्यांचा हात माझ्या हातात गार लागत होता. आता संपलं, असं मला अगदी स्पष्ट वाटलं. रडूही येत नव्हतं.

काचेवर टकटक झाली. बाहेर एक बाई उभी होती. पांढरं लुगडं, खांद्यावर झोळी, हातात काठी. नर्मदेच्या परिक्रमेला निघालेले लोक हिवाळ्यात आमच्याकडच्या रस्त्यांनी चालत जाताना दिसतातच, त्यांतलीच एक. सांगायला संकोच वाटतो, पण माझा हात आधी दार लॉक करायला गेला होता. मग ती काचेतून म्हणाली, "नर्मदे हर. ताई, दार उघडा." मराठीत. माझं ओरडणं तिने ऐकलं असावं. पण त्या रस्त्यावर, त्या क्षणी, आईच्या भाषेतला तो शब्द ऐकला आणि माझा हात उलट फिरला.

ती घाईत नव्हती. ह्यांच्या बाजूला जाऊन तिने त्यांचं तोंड पदराने पुसलं, मान सरळ करून सीट थोडी मागे पाडली, शर्टाची वरची बटणं सोडली. झोळीतल्या लहान बाटलीतलं पाणी बोटांवर घेऊन त्यांच्या कपाळाला लावलं. ह्यांनी डोळे उघडले. पायाशी घाण झाली होती. तिने ते रबरी मॅट ओढून बाहेर काढलं आणि कठड्याशी टाकलं. मग ती वळसा घालून माझ्याकडे आली. "ताई, पाय वर घ्या," म्हणाली. मी लहान मुलीसारखे पाय वर घेतले. तिने वाकून माझ्या पायाखालचं मॅटही धरलं. ते कुठेतरी अडकलं होतं. तिने जोर केला, टरकन आवाज झाला आणि ते निघालं.

"मावशी, तुम्ही बसा ना मागे. ह्यांना धरा. मला एकटीला भीती वाटते हो," मी म्हणाले.

"मला वाहनात बसता येत नाही, बाई. पायी चालायचा संकल्प आहे." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पण तुम्ही जा. मैया बसलीये मागं."

मी पाय ठेवला. गाडी अशी उसळली, की मला ब्रेक शोधावा लागला. चढ संपला, उतार लागला. आरशात बघायचं भान मला राहिलं नाही. हॉस्पिटलच्या दारात पोचले तेव्हा हे हळूच म्हणाले, "आज चांगली चालवून राहिली तू." ह्यांना आत नेलं, बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आप वक्त पर ले आईं." तेव्हा कुठे मी तिथल्या बाकावर बसले आणि पोटभर रडले.

मुलगा आला. मी त्याला सगळं सांगितलं, पायाची भीतीही सांगितली. तो अंगणात गाडीत आडवा होऊन मोबाइलचा उजेड पाडून बघत राहिला आणि पॅडलच्या मागून रबराचा एक फाटका तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. पावसाळ्यात चिखल होतो म्हणून मी मूळ मॅटवर आणखी एक जाड मॅट टाकलं होतं. ते सरकत सरकत पॅडलखाली जायचं आणि पॅडलला पूर्ण दबू द्यायचं नाही. मला वाटायचं मी खालपर्यंत दाबलाय, पण तिथे रबर असायचं. कधी ते मागे सरकायचं, तेव्हा गाडी ठीक चालायची. सर्व्हिसवाले काम सुरू करण्याआधी मॅट काढून धुवायला टाकतात, म्हणून त्यांच्या हातात ती नेहमीच नीट चालली. "आई, तुझ्या पायाला काही झालेलं नाही," मुलगा म्हणाला. मी तिथेच पायरीवर बसून माझा उजवा पाय दोन्ही हातांत धरला.

म्हणजे कारण कळलं. मी कारण शोधणारी बाई आहे, मला ते हवंच होतं. पण एवढं मात्र मला आजही सुटलेलं नाही. घाण ह्यांच्या बाजूला होती. माझ्या पायाशी एक थेंबही नव्हता. मग त्या बाईने माझ्या पायाखालचं मॅट का काढलं? मुलगा म्हणतो, स्वच्छ करायचं म्हणून दोन्ही काढली असतील. हे म्हणतात, मैया. मी कोणाशी वाद घालत नाही. मला फक्त ते "पाय वर घ्या" आठवतं. इतके दिवस मी भीतीने जास्त जास्त दाबत होते आणि जितकं दाबत होते तितकी अडत होते. त्या सकाळी कोणीतरी मला पाय उचलायला सांगितलं, आणि मी का म्हणून न विचारता उचलला. शरण जाणं याहून काही मोठं असेल, तर ते मला अजून माहीत नाही.

पुलाचा तो चढ आला की मी अजूनही आरशात मागे बघते. भीती गेली, असं मी म्हणणार नाही. सोमवारी ह्यांना घेऊन घाटावर जाते, आणि आता मीही पाण्याला हात लावून मागते. आमच्यासाठी नाही, आम्हाला मिळालं. या नदीच्या काठाने, कुठल्या गावाजवळून कोण जाणे, एक बाई चालते आहे. तिचं नाव मी विचारलं नाही, आभारही मानले नाहीत. मैया, तिला सांभाळ, तिची परिक्रमा पुरी होऊ दे, एवढंच मागते आणि वर येते.