बिनआवाजाची मारामारी

माझ्या बायकोला रानडुकरानं फाडलं. धान कापणीचे दिवस होते, सकाळी ती एकटीच बांधीवर, आमच्या धानाच्या तुकड्यात, गेली होती. मी पोचलो तेव्हा मांडी उघडी पडली होती. खांद्यावरचा शेला बांधला, तो भिजला. धोतर फाडून बांधलं, तेही भिजलं. गाडी येईपर्यंत ती गेली. लोक सांगतात, दिवस गेले की राग उतरतो. माझा उतरला नाही. त्या डुकराला मी अजून मारतो, चहा पिता पिता मारतो.

तिचा मोठा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, त्यानं डुकराच्या जागी मला, आपल्या जवायाला, धरलं; आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याला जवाईच म्हणतात. मसणात, चिता पेटायच्या आधी, चारचौघांत ओरडला, "तिले एकटीले कायले पाठवलास?" आता माझ्या बायकोला पाठवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, हे त्यालाही माहीत होतं, बहीणच होती त्याची. पण त्या दिवसापासून त्यानं माझं नाव तोंडातून काढलं नाही. मी पण त्याच्या दारावरून जाताना थुंकत होतो.

आम्हाला एकच पोरगी. नागपूरला राहते, व्हायोला वाजवते. ते व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं असते, हनुवटीखाली दाबून धरायचं, आवाज जाड. तिच्या आईचा आवाज पण तसाच होता, चार बांध्या पलीकडचा बैल थांबत होता. पोरीनं फोन केला, की गोंदियाला तिच्या जुन्या शाळेच्या हॉलात आईसाठी वाजवते, सोबत पियानोवाली बाई येऊन राहिली आहे. मी म्हटलं, रडवू नको लोकांना. ती म्हणाली, "रडाचं नाहीच वाजवत बाबा. आईले जसं मारलं तसं वाजवतो. एकदाच. मधात मले कोणी थांबवू नये, एवढं पाय."

एवढं पाहीन, म्हणून मी शब्द दिला.

का द्यावा लागला ते सांगतो. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि नाटक होते. खेळ आवडला की माणूस चालू नाटकात स्टेजवर चढतो, माइक घेतो, आपल्या मेलेल्या माणसाचं पूर्ण नाव घेऊन बक्षीस देतो. तेवढा वेळ नाटक थांबते. मरून पडलेला राजा उठून बक्षीस घेतो, पाया पडतो आणि परत मरतो. त्यात कोणाला वावगं वाटत नाही. म्हणून अर्जुनी मोरगावहून रेल्वेत बसतानाच गावच्या सगळ्यांना मी दम दिला, की हे नाटक नाही, कोणी उठला तर तंगडी तोडीन. सगळ्यांना सांगितलं. मेव्हण्याला नाही, तो वेगळ्या डब्यात बसला होता आणि आमचं बोलणं बंद होतं.

संध्याकाळी हॉल भरला. पुढं शहरातले लोक, मागं आमचे. पियानोवाली जाडजूड बाई होती, कोणाकडं न पाहता बसली. पोरीनं गज ओढला तसा धानाच्या पेंडीवर इळा चालवल्यासारखा आवाज झाला. मग बाईनं दोन्ही हात खालच्या पट्ट्यांवर आपटले आणि मला तो पळत येताना ऐकू आला. डुकर. गज वर जाई, खाली येई, फाडत होती पोरगी. माझ्या मुठी वळल्या. गजाचे दोन केस तुटून लोंबत होते, तरी तिचा हात थांबला नाही.

तेवढ्यात मेव्हणा उठला. पांढरा सदरा, हातात नोट. सरळ स्टेजकडं निघाला. एक भला माणूस हळूच म्हणाला, "चाचाजी, बैठ जाइए." तो कशाचा बसतो. पायरीवर चढला, तिथं मी त्याला गाठलं.

म्हटलं, खाली उतर. तो म्हणाला, "माया बहिनीचं नाव कोणी घेतलं का इथं? सरक बाजूले."

पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात मी माझा शेला त्याच्या तोंडात कोंबला आणि त्याला घेऊन पायऱ्यांच्या मागं पडलो. तिथं आम्ही दोघं म्हातारे एकमेकांना मारत होतो. मी त्याच्या छातीवर, तो माझ्या बरगड्यांत गुडघा घालून. मला आवाज करायचा नव्हता, त्याला करता येत नव्हता. शेला थुंकला तर मी पंजानं तोंड दाबलं. त्यानं दात रोवले. हाडापर्यंत गेले. मी ओरडलो नाही. दुसऱ्या हाताची बुक्की त्याच्या तोंडावर घातली, ओठ फाटला. मग त्यानं माझा गळा धरला आणि दाबला. वर पियानो धडधडत होता, फळ्यांची धूळ आमच्या डोळ्यांत पडत होती. जीव जाते आता, असं वाटलं. जाऊ दे म्हटलं, पोरीचं पुरं होऊ दे.

मग पियानो थांबला. एकटा व्हायोला राहिला, जाड, खालच्या आवाजात. मेव्हण्याची बोटं सैल पडली. काऊन, ते त्यानं कधी सांगितलं नाही. दोघं तसेच पडून राहिलो, त्याचं रक्त माझ्या कॉलरवर, माझं त्याच्या दातांत.

संपलं तेव्हा टाळी वाजली नाही. मागचे सगळे उभे राहून आम्हालाच पाहत होते. पोरगी स्टेजच्या काठावर आली, घामानं भिजलेली. म्हणाली, "मामा, आता या. आता घ्या नाव."

तो उठला, सदरा झटकला, नोट शोधली, चढला. बहिणीचं नाव घेतलं आणि अडकला. आमच्याकडं बाईचं पूर्ण नाव म्हणजे मधात नवऱ्याचं नाव. ते सोडून आडनावावर उडी मारता येत नाही, मंडईत तसं कोणी मारत नाही. हॉल वाट पाहत होता. त्यानं खाली माझ्याकडं पाहिलं, तोंडातलं रक्त गिळलं आणि माझं नाव घेतलं. मग आडनाव. पोरीनं नोट घेऊन वाद्याच्या पेटीत टाकली. पाया पडली नाही.

सुई टोचून घ्यायला दवाखान्यात तोच मला घेऊन गेला. कंपाउंडरनं विचारलं, काय चावलं. मी डुकर सांगणार होतो.

"मी चावलो," मेव्हणा म्हणाला. "माया जवाई होय."

हात अजून नीट वळत नाही. डुकर अजून त्याच बांधीत येते.