नानांचा संशय आणि आखाजीचं पुरण

जगात विश्वास ठेवावा अशी एखादी गोष्ट असेलही, पण ती अजून आपल्या तपासणीतून गेलेली नाही, अशा ठाम श्रद्धेने माझे थोरले काका जगले. घरात आणि गल्लीत त्यांना सगळे नाना म्हणत. उभी हयात त्यांनी जकात नाक्यावर कारकुनी केली होती. ट्रकवाला म्हणाला कांदे आहेत, की खाली साबणाची खोकी असणार. म्हणाला रिकामा आहे, की सीटखाली नक्कीच काहीतरी असणार. ही सवय इतकी हाडीमाशी भिनली होती, की निवृत्तीनंतर नाका सुटला तो फक्त नावापुरता. निरोपाच्या दिवशी बरोबरच्या लोकांनी "नाना, घड्याळ देऊ की शाल?" असं विचारलं, तर नानांनी पोत्यात खुपसून बघायची जुनी लोखंडी सळई मागून घेतली. धुळ्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर मग ते ती सळई मांडीवर घेऊन बसू लागले आणि आमच्या फाटकाला आपोआप नाक्याची कळा आली.

त्या फाटकातून बिनतपासणीचं काहीही आत जात नसे. गव्हाच्या पोत्यात सळई, गुळाच्या ढेपेत सळई. एकदा नवीन गादी आली, तर तिच्यातही सळई खुपसली आणि कापूस कापूसच निघाला म्हणून चांगले हिरमुसले. गिरणीत दळण टाकून घरी यावं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आपल्या आधी कोणाचं दळण होतं, त्यात मिरची होती की बाजरी, याची उलटतपासणी झाल्याशिवाय ते आमचे गहू जात्यात पडू देत नसत, आणि पडल्यावर पीठ हातात येईपर्यंत तिथून हलत नसत. गिरणीवाला त्यांना लांबून बघूनच "नाना, तुमच्या आधी गहूच होते" अशी हाक देई. त्यावर नाना म्हणत, "मी विचारायच्या आधी उत्तर देतोस, म्हणजे नक्की काहीतरी आहे." डॉक्टरांनी दिलेली गोळी ते उजेडात धरून बघत. रेडिओवर हवामानाचा अंदाज लागला की बाहेर जाऊन आभाळ बघून येत. रावेरहून आमच्या एका नातलगाने केळीचा घड पाठवला होता, तर "फुकट का पाठवला?" या एका प्रश्नावर नानांनी सारी संध्याकाळ घालवली. केळी मात्र त्यांनीच जास्त खाल्ली, तीही तपासणीसाठी.

नाना खरे रंगात येत ते आखाजीला. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. सुना आपापल्या माहेरी जातात आणि सासरी गेलेल्या लेकी घरी येतात. मी जळगावहून एसटीने येई, नानांची लेक सुमनताई चोपड्याहून येई, आणि अंगणात चूल मांडून आम्ही बायका खापरावरच्या पुरणपोळ्या करत असू. ज्यांनी बघितल्या नाहीत त्यांना सांगते, या पोळीला पोळपाट लाटणं पुरत नाही. पुरण भरलेला उंडा हातावर घेऊन, फिरवत फिरवत, कोपरापर्यंत ताणत न्यायचा आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. आमच्या घरात ही कला होती ती माझ्या काकूची, म्हणजे नानीची. तिच्या हातावरची पोळी इतकी पातळ होई, की पलीकडची तुळस दिसे. सुमनताई उंडे भरी, माझी आई पाट्यावर पुरण वाटी, मी पोळ्यांच्या घड्या घाली आणि नाना संशय घेत.

तूप डालडा मिसळलेलं असणार. आंबे पावडर लावून पिकवलेले असणार, म्हणून प्रत्येक आंबा देठाशी हुंगला जाई. वेलदोड्यातलं तेल आधीच काढून घेतलेलं असणार. सांजोरी कानाशी धरून हलवत, आणि आत सारण कमी वाजलं की सुमनताईकडे आणि माझ्याकडे असं बघत, की जणू आम्ही उरलेला रवा साखर पदराखाली बांधून सासरी नेणार आहोत. नानी खापरावरून नजर न काढता म्हणे, "ह्या माणूसले देवना परसादमा बी काहीतरी दपाडेल दिसस." देवाच्या प्रसादातही काही लपवलेलं दिसणं, हे नानांना अर्थात कौतुकच वाटे.

मग ती एक आखाजी आली. त्याआधीच्या हिवाळ्यात नानी तापाने बरीच आजारी पडली होती. नाक गच्च, डोकं धरलेलं, अन्नावरची वासना उडालेली. ताप गेला, नानी उठली, कामाला लागली आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो. आखाजीच्या सकाळी ती चुलीपाशी पुरण ढवळत होती. मी आत परात घ्यायला गेले, तोच करपल्याचा वास आला. आई पाट्यावरून उठून धावली, सुमनताई धावली, नाना ओट्यावरून सळईसकट धावले. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून "काय जळतंय हो?" म्हणून विचारलं. आणि नानी पातेल्यावर वाकून, त्या वासाच्या अगदी मधोमध, शांतपणे ढवळत होती. आम्हाला येताना बघून म्हणाली, "काय व्हयनं?"

सगळं पुरण वाया गेलं. सणाच्या दिवशी, अर्ध्या गल्लीला वाटायचं पुरण! नानांनी तिथल्या तिथे चौकशी मांडली. आम्हाला एकेकीला ओट्यावर बोलावलं. चुलीपाशी शेवटी कोण होतं? पळी कोणाच्या हातात होती? गुळावर त्यांचा संशय होताच. माझ्यावरही होता, कारण जळगावला मी गॅसवर स्वयंपाक करत होते आणि गॅसवाल्या बायकांना जाळाची किंमत राहत नाही असं त्यांचं मत होतं. पण गाडी येऊन थांबली ती सुमनताईवर. तिने गप्पांच्या नादात चुलीत लाकूड जास्त सारलं, असा निकाल त्यांनी मोठ्या आवाजात जाहीर केला.

"मी चुलीजवळ गेलेच नाही नाना," सुमनताई म्हणाली.

"प्रत्येक ट्रकवाला हेच सांगायचा," नाना म्हणाले.

आता सुमनताई काही लहान नव्हती. तिची स्वतःची लेक शाळेत जात होती. वर्षातून एकदा माहेरपणाला यायचं आणि बापाने असं चारचौघांत, शेजारीण ऐकत असताना बोलायचं, हे तिला फार लागलं. डोळे पुसत ती आत गेली आणि पिशवी भरायला लागली. दुपारच्या गाडीने चोपड्याला जाते म्हणाली. आई तिची समजूत घालू लागली. अंगणात चूल नुसतीच धुमसत होती आणि नानी कोणाशीही न बोलता दुसऱ्या पुरणाची डाळ निवडत बसली होती. तिने लेकीची बाजू घेतली नाही, नवऱ्याला गप्पही केलं नाही. नानांना एका वाक्यात जागेवर बसवणारी नानी एवढी गप्प का, हे कोडं मला पडलं. मला वाटतं, त्याच क्षणी ते नानांनाही पडलं असावं. कारण ओट्यावरून ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. ती नजर मला ओळखीची होती, पण नानीकडे ती वळलेली मी कधी पाहिली नव्हती.

थोड्या वेळाने ते स्वयंपाकघरात गेले आणि हातात रुमालाची एक पुरचुंडी घेऊन अंगणात आले. मी अंगणाच्या दाराशी भांडी विसळत होते.

"ही वेलची बघ बरं," ते नानीला म्हणाले. "दुकानदाराने जुनी दिली का काय, मला संशय येतोय."

नानीने पुरचुंडी नाकाशी धरली. चांगला लांब श्वास घेतला. तिच्या चेहऱ्यावर मला क्षणभर भीती दिसली, परीक्षेला बसलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसते तशी. मग हसून म्हणाली, "चांगली शे की. ताजी शे."

दाराशी उभ्या असलेल्या मला, एवढ्या अंतरावरून, हिंगाचा वास आला.

नाक्यावर ट्रकमधून चोरीचा माल निघाल्यावर नानांचा चेहरा कसा फुलत असेल याची मी नेहमी कल्पना करत असे. या वेळी माल सापडला होता आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता. "बरं, मग ठीक," एवढंच म्हणून त्यांनी पुरचुंडी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि ते तडक आत, सुमनताईपाशी गेले.

"पिशवी ठेव खाली," ते म्हणाले. "लाकूड मी सारलं होतं."

"तुम्ही तर ओट्यावर होतात!"

"मधे उठलो होतो. जाळ कमी वाटला, म्हणून सारलं. मीच जाळलं पुरण. आता सांगितलं ना?"

ज्या माणसाने जन्मात कोणाचा कबुलीजबाब खरा मानला नाही, त्याने दिलेला तो धडधडीत खोटा कबुलीजबाब होता. सुमनताईने रडता रडता नाक ओढलं आणि विचारलं, "नाना, तुमच्या खिशाला हिंगाचा वास का येतोय?"

"दुकानदार भेसळ करतो," नाना म्हणाले आणि बाहेर गेले. सुमनताईला रडता रडता हसू फुटलं. पिशवी पुन्हा खुंटीवर गेली.

दुसरं पुरण चुलीवर चढलं, तेव्हा नानांनी स्वतःचा पाट चुलीशेजारी आणून ठेवला आणि जाहीर केलं, की या घरातल्या एकाही नाकावर आपला विश्वास नाही. यापुढे सणाच्या पातेल्यात काय पडतं आणि पातेलं कधी उतरतं, हे आपणच ठरवणार. नानी म्हणाली, "उठा तठून! बायकास्मा काय काम शे तुमनं?" नाना उठले नाहीत. पातेल्यावर नाक धरून बसले, आणि जरा वेळाने म्हणाले, "मला या गुळाचा संशय येतोय. उतरव." नानीने चिडून पातेलं उतरवलं. पुरण असं काही झालं होतं, की आई बघतच राहिली.

तेव्हापासून दर आखाजीला हेच. दिवाळीत चकलीच्या तेलापाशी नाना, संक्रांतीला तिळाच्या कढईपाशी नाना. "तीळ जुने दिसतात, संशय येतोय," म्हणजे भाजून झाले, काढ. "तेलात काहीतरी आहे," म्हणजे फार तापलं, जाळ ओढ. गल्ली हसे. म्हातारा निवृत्तीनंतर बायकोच्या चुलीत शिरला, असं लोक उघड बोलत. नानांनी कोणालाही खुलासा केला नाही. आणि नानीची पोळी पहिल्यासारखीच पातळ होती, हात तिचा तोच होता, त्यामुळे नाव तिचंच राहिलं. मी जे पाहिलं होतं, ते मीही कोणाला सांगितलं नाही. आणखी एक गोष्ट मात्र मी पाहिली. नाना कित्येक वर्षांचे तपकीर ओढणारे. चिमूट नाकात गेल्याशिवाय त्यांची सकाळ होत नसे. ती तपकीर त्यांनी एकाएकी सोडली. मी कारण विचारलं, तर डबी दाखवून म्हणाले, "यात विटेची पूड घालतात. मला पहिल्यापासून संशय होता."

अशा बऱ्याच आखाज्या गेल्या. एकोणीसशे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नाना थकले. दम लागायला लागला, पाटावर बसवेना. त्या वर्षी आम्ही त्यांची खाट अंगणाच्या दारात आणून ठेवली. उशीवर मान टेकून ते चुलीकडे बघत होते. वारा उलटा होता, धूर पलीकडे चालला होता आणि त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नसणार. ते हात उचलून काही सांगू बघत, पण आवाज चुलीपर्यंत येत नव्हता. सुमनताईने आणि मी एकमेकींकडे बघितलं.

नानीने पदराने पातेल्याचे काठ धरले. ते जड, वाफाळतं पातेलं स्वतः उचललं, सावकाश चालत खाटेपाशी नेलं आणि वाकून नानांच्या नाकाशी धरलं. कोणी तिला सांगितलं नव्हतं.

"पहा," ती म्हणाली. "संशय येस का?"

नानांनी डोळे मिटून वास घेतला. फार वेळ घेतला. मग डोळे उघडून त्यांनी पातेल्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं.

"नही," ते म्हणाले. "आते काहीच संशय नही."

पुरण खालून थोडं लागलं होतं. पहिल्या घासालाच आम्हा सगळ्यांना ते कळलं. तरी प्रत्येकीने आणखी एकेक पोळी मागून घेतली, आणि नाना खाटेवरून आम्हाला जेवताना बघत राहिले.