उष्ट्रासन, रेवा आणि भिंतीजवळची जागा

मित्रांनो, आज सकाळी मी योगा क्लासमधून चटई गुंडाळून निघालोच होतो.

नेपियर टाउनच्या या क्लासला मी मला आवडणाऱ्या रेवासाठी जातो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आज उष्ट्रासन होतं. गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकायचं. रेवा बघून राहिली होती, म्हणून मी मान मागे फेकून सरळ टाचा पकडायला गेलो. कंबरेत चमक निघाली.

शिकवणाऱ्या दीदी म्हणाल्या, "भैया, सारा बोझ कमर पे डाल रहे हो. दीवार के पास जाओ."

भिंतीजवळ तर नवशिके करतात. माझं डोकं फिरलं, मी चटई गुंडाळली आणि निघालो.

दारात रेवानं हळूच विचारलं, "काहून रे, हेही कॉलेजसारखं अर्ध्यात सोडून राहिला?"

मी परत फिरलो. दीदींनी कंबर शांत होईपर्यंत आडवं पडायला लावलं. मग गुडघ्यांवर उभं राहून मांड्या समोरच्या भिंतीला टेकवल्या, हात कंबरेवर ठेवले, आधी छाती वर उचलली आणि मगच थोडं मागे वाकलो. टाचा दूरच राहिल्या, पण काहीच दुखलं नाही.

उद्याही जाणार. रेवासाठीच, खोटं काहून बोलू? पण भिंतीजवळची जागा आता माझी.

तुम्हाला कोणी असं दारातून परत आणलंय का?