निळ्या काचेखालचा कागद

परसातल्या खोलीत माझी विजेची भट्टी आहे. तीत काच वितळवून मी थाळ्या करते. काच तळाच्या फरशीला चिकटू नये म्हणून खाली एक खास पांढरा कागद घालतात. मी दोन प्रकारचे मागवून पाहिले. जाड कागद तापला की जळक्या केसांचा वास सुटायचा आणि काचेच्या पाठीवर गोणपाटासारखे वळ उठायचे. म्हणून पातळ घेतला. त्याने पाठ गुळगुळीत येते, पण एकदा भाजला की त्याची भुकटी सुटते. ती श्वासात जाऊ देऊ नये. नाक-तोंड बांधून, ओल्या फडक्याने टिपून फेकावी.

तुम्हा नातींतल्या थोरलीला नव्या घरासाठी मी थाळी कबूल केली होती. जुन्या कपाटाच्या निळ्या काचा त्यासाठीच जपल्या होत्या. तशी काच आता आमच्या पांढुर्ण्यात काय, नागपुरातही मिळत नाही. भट्टीत कोऱ्या कागदावर त्या मांडून मी आंघोळीला गेले आणि आल्यावर आत न बघता भट्टी सुरू केली.

सकाळीच आलेले मोहगावचे तुमचे धाकटे आजोबा दुपारी जेवायला बसले. त्यांच्या मिशांवर भुकटी दिसली.

"भाऊजी, हे काय लागलं?"

"तुमचा कागद झटकला न वहिनी. चांगला कागद फेकून काहून राहिल्या? आमी संत्र्याच्या पेटीतला झटकून झटकून लावतो. तुमी आंघोळीला गेल्या तवा तुमच्या काचेखाली जुनाच घातला. नवा ठेवला कपाटात."

कुठे झटकला, तर ओसरीत, उघड्या दह्याशेजारी. दह्यावर राखाडी साय धरली होती.

"तोंड धुऊन या आधी."

"राखच तं हाय. चुलीची खाल्ली नाही का आपण?" म्हणत त्यांनी दुपट्ट्याने नाक शिंकरलं आणि त्याच हाताने भाकर मोडली. माझा घास तोंडातच फिरू लागला. भट्टी तोवर लाल झाली होती. उघडली असती तर काच तडकली असती. तुमचे सख्खे आजोबा शेजारी खाली मान घालून वरण भुरकत राहिले.

दुसऱ्या दिवशी भट्टी निवल्यावर उघडली. जुना कागद जिथे फाटला होता तिथे काचेने फरशी धरली होती. पत्र्याच्या पट्टीने उचकटली तर कडेचा टवका गेला. पाठीवर करडी, केसाळ बुरशी उगवल्यासारखं दिसत होतं. पाण्याखाली घासली तर बोटांना चिखल लागला.

"खालून कोन पाह्यते?" भाऊजी म्हणाले.

त्या कागदाहून मला या बोलण्याची जास्त किळस आली. थाळी तेच घेऊन गेले. परवा मी मोहगावला गेले तर ती खिडकीत होती, खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पुड्यांनी भरलेली. कडेला लाल थुंकीचा ओघळ सुकला होता.

थोरले, उरलेल्या निळ्या काचेत फार तर एक वाटी होईल. तेवढीच पाठवते. खोलीला आता कुलूप आहे.