माफी आधी, विमा नंतर

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी आमच्या घरामागे अब्बांची आरा मशीन होती. जंगल डेपोच्या लिलावातून लाकूड यायचं, कापलं जायचं, आणि विजेचे खांब व्हायचे. खांबाला वाळवी लागू नये म्हणून तो गरम काळ्या तेलाच्या हौदात बुडवून काढायचे आणि निथळायला आवारात उभा करायचे. वर्षानुवर्षं ते तेल मातीत जिरत राहिलं. पुढे सिमेंटचे खांब आले, हौद बंद पडला, मशीनही गेली. वास मात्र गेला नाही.

आवाराच्या भिंतीपलीकडे एका बाईची वाडी होती. विधवा बाई, धानाची थोडी शेती आणि वाडीत एक विहीर. त्या विहिरीच्या पाण्यावर तेलाचा तवंग यायचा. बैलसुद्धा त्या पाण्याला तोंड लावत नसे. बाई गावच्या नळावरून घागरी वाहायची आणि येताजाता आमच्या दाराकडे बघायचीदेखील नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी अब्बांचा हजचा नंबर लागला. निघण्याआधी आमच्यात घरोघरी जाऊन माफी मागतात. बोलण्यात, वागण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात ठेवू नका, म्हणतात. लोक सहसा गळाभेट घेऊन 'माफ केलं' म्हणतात आणि चहा पाजतात. अब्बा बाईच्या अंगणात गेले तेव्हा मी सोबत होते. ते म्हणाले, "बाई, तुमची विहीर माझ्या तेलानं खराब झाली. माझीच चूक. माफ करा."

बाई सुपात तांदूळ पाखडत होती, ती थांबली नाही. "माफ कायचं करू, भाऊ? पानी गोड करून द्या, मंग बोलू."

ज्याच्यावर दुसऱ्याचा हक्क बाकी आहे त्याने हजला जाऊ नये, असं अब्बा मानत. म्हणजे विहीर साफ झाल्याशिवाय हज नाही. आणि सगळं आवार खणून काढायचं तर हजसाठी जमवलेल्याखेरीज घरात होतं काय?

मी शाळेत शिकवत होते, आणि हार मानणं माझ्या स्वभावात नाही. ट्रंका उपसल्या. आरा मशीनच्या काळातल्या विम्याच्या पॉलिसी सापडल्या, कडा वाळवीने खाल्लेल्या. आगीबरोबरच शेजाऱ्याच्या नुकसानीची भरपाईही त्यात होती. मी त्या चंद्रपूरच्या वकिलांकडे नेल्या. ते म्हणाले, "पॉलिसी संपली म्हणून काय झालं? नुकसान ती चालू होती तेव्हाचं आहे. दावा करता येतो." मी बसने परत येताना आनंदाने रडले. खरंच रडले.

दावा दाखल झाला. मग वकिलांनी बारीक अक्षरातलं एक कलम दाखवलं. कंपनीला विचारल्याशिवाय आपली चूक कोणाजवळ कबूल करायची नाही, केली तर दावा रद्द. "तसं कोणाला काही बोलले नाहीत ना वडील?" त्यांनी विचारलं. अख्ख्या मोहल्ल्यात माफी मागून झाली होती, त्यांना काय सांगणार?

विमा कंपनीचा सर्व्हेअर नागपूरहून येणार होता. आदल्या संध्याकाळी मी बाईकडे गेले. म्हटलं, अब्बा माफी मागायला आले होते हे सांगू नका, नाहीतर विहीर साफ होणार नाही. बाई म्हणाली, "विहिरीसाठी बोलतो. तुह्या बापासाठी नाई."

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअरने माती हुंगली, बाटलीत पाणी घेतलं आणि बाईला विचारलं, "यांनी कधी चूक कबूल केली होती?"

"नाई जी. काई नाई बोलले."

झालं होतं. अगदी झालं होतं. तेवढ्यात अब्बा खुर्चीवरून उठले. "साहेब, बाई माझ्यासाठी खोटं बोलून राह्यली. मी हिच्या अंगणात जाऊन कबूल केलं. हिच्यावर खोट्याचा बोजा कायले?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई तर कडाडलीच, "तुमच्या खऱ्यापायी माही विहीर गेली, भाऊ!"

दावा फेटाळला गेला. मी अब्बांशी कितीतरी दिवस धड बोलले नाही. एकदा भांडताना म्हटलं, गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? ते आमच्या घरच्या बोलीत म्हणाले, "झूठ के पैसे से माफी लेके हज को जाऊं क्या?" मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही, कारण पाण्याच्या घागरी ते वाहत नव्हते, बाई वाहत होती.

हजला जाणं त्यांनी रद्द केलं आणि ते पैसे आवारात घातले. मजूर लावून काळी माती खणली. ती जंगलात नेऊन टाकायला ट्रॅक्टरवाले तयार होते. अब्बांनी साफ नकार दिला. आमच्याच आवारात सिमेंटचा पक्का हौद बांधून त्यात ती भरली आणि वर स्लॅब टाकला. नंतर दर उन्हाळ्यात विहीर उपसायची, गाळ त्याच हौदाशेजारच्या दुसऱ्या हौदात टाकायचा. तपासायला पाणी दर वेळी मीच चंद्रपूरला नेई. तवंग लवकर गेला, वास जायला फार वर्षं लागली. तोवर अब्बांना अर्धांगवायू झाला होता. त्यांना कुशीवरही आम्हीच वळवायचो.

एका सकाळी बाई आमच्या घरात आली, पहिल्यांदाच. तपासणीत पाणी चांगलं निघाल्याचं मी तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं. हातात पितळी गडवा होता. तिने आधी स्वतः दोन घोट घेतले, मग अब्बांच्या ओठांना गडवा लावला. निम्मं पाणी त्यांच्या मानेवरून ओघळलं.

"गोड झालं, भाऊ," ती म्हणाली. "माफ केलं. आता जा तुमच्या हजले."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची मान पुसत राहिले.

त्याच उन्हाळ्यात ते गेले. त्यांना शेवटची अंघोळ घालायला गावच्या नळाचं पाणी भरून ठेवलं होतं. बाईने ते ओतून द्यायला लावलं, आणि आपल्या विहिरीचं पाणी स्वतः शेंदून दारापर्यंत आणून दिलं.